जुन्या वळणाचा, परवडणारा बेस शोधताना

आमच्या चौघांच्या गटात दोन गिटार, एक ड्रम आणि एक गळा. खर्ज धरणारं कुणीच नाही. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सरावाचं रेकॉर्डिंग ऐकताना ते सगळ्यांनाच जाणवलं. वरचं सगळं नीट ऐकू येत होतं, खाली मात्र पोकळी. दोन गिटारवाल्यांपैकी एकाने बेस गिटारकडे वळायचं ठरलं आणि मी हात वर केला. ९ जानेवारीला वहीच्या नव्या पानावर ‘बेस’ असं लिहिलं, आणि ११ एप्रिलला पहिल्यांदा स्वतःचा बेस खांद्याला लावून सरावाला गेले. मधल्या तीन महिन्यांत एक बेस मागवून परत पाठवला, सहा वाजवून पाहिले आणि एक वापरलेला घेतला. या काळात ज्या गोष्टी कुणीतरी आधी सांगायला हव्या होत्या असं वाटत राहिलं, त्या इथे घडल्या त्या क्रमाने लिहिते आहे.

पैशांची मर्यादा पक्की होती. पहिल्याच दिवशी एकूण रकमेचे चार भाग केले. तीन भाग बेससाठी, चौथा बाजूला. तारा, सेटअप (म्हणजे बेस वाजवायला नीट लावून घेणं), पट्टा, केबल आणि हेडफोनवर ऐकायचा छोटा अ‍ॅम्प हे सगळं त्या चौथ्या भागातून. बेस बघायला लागल्यावर ‘अजून थोडे घातले तर वरचं मॉडेल येतं’ हा मोह रोज होतो. तो चौथा भाग मोडू नका. माझ्या बेसचा आवाज शेवटी त्याच पैशांतून आला.

मला बेस हवा होता तो जुन्याच वळणाचा. साठच्या दशकातल्या रेकॉर्ड ऐकताना बेसचा जो सूर कानावर येतो, गोल, आखूड, ठेक्यावर टेकून लगेच विरणारा, तो मला लहानपणापासून ओढ लावतो. रूपाचंही प्रेम होतंच. कासवाच्या पाठीसारख्या तपकिरी नक्षीचा पिकगार्ड, मधासारख्या रंगाची नेक (वाद्याची मान), क्रोमच्या दोन बटणांखेरीज वर काही नाही. रूप आणि आवाज एकाच ठिकाणाहून येतात असं तेव्हा मी धरून चालले होते.

पहिले तीन आठवडे नुसतं वाचन केलं. बाजारात ‘रेट्रो’ म्हणून जे काही दिसतं त्यातलं बहुतेक मोजक्याच घराण्यांतलं असतं, हे कळल्यावर डोक्यातला गोंधळ बराच निवळला. सगळ्यात जुनं मोठं घराणं प्रिसिजनचं. गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये तो आणला. मोठ्या व्हायोलिनसारख्या उभ्या डबल बेसला फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, नसतात, सूर कानाने शोधावा लागतो. इथे फ्रेट असल्याने सूर नेमका लागतो, म्हणून नाव ‘प्रिसिजन’. आज आपण ज्याला प्रिसिजन म्हणून ओळखतो तो दोन तुकड्यांत विभागलेला पिकअप (तारांचा कंप टिपणारा भाग) १९५७ मध्ये आला, आणि त्या रचनेमुळे त्याची घरघरही नाहीशी झाली. दुसरा जॅझ बेस, १९६० चा. दोन पिकअप आणि नटजवळ (खुंट्यांच्या बाजूला तारा टेकतात तिथे) जेमतेम ३८ मिमी रुंदीची निमुळती नेक. त्यानंतर १९६६ चा मस्टँग, लहान मापाचा. गिब्सनचे ईबी-० आणि ईबी-३ हेही लहान मापाचे, आणि १९६३ चा थंडरबर्ड मात्र पूर्ण मापाचा. रिकनबॅकर ४००१ चं रूप तर कुणालाही लांबून ओळखू येईल. यांतल्या मूळ जुन्या वाद्यांच्या वाटेला मी जाणार नव्हते. पण या प्रत्येक आकारावरून आज परवडणारे बेस बनतात.

आणि मग व्हायोलिनच्या आकाराचा तो जर्मन हॉफनर. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हॅम्बर्गला तो घेतला. तेव्हा तो त्याला परवडणारा होता, आणि दोन्ही बाजू सारख्या असल्याने डावखुऱ्याने उलटा धरला तरी तो वेडावाकडा दिसत नाही. तोच बेस १९७२ मध्ये चोरीला गेला आणि पन्नासहून अधिक वर्षांनी सापडल्याची बातमी २०२४ च्या फेब्रुवारीत आली. ती बातमी वाचली तेव्हापासून तो आकार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. त्यामुळे मी वाचत सगळ्यांबद्दल होते, पण मन आधीच ठरलेलं होतं.

त्या मनाला आणखी एक कारण मिळालं ते पुठ्ठ्याने. माझे हात लहान आहेत. बेसचं ‘स्केल’ म्हणजे नटपासून बॉडीवरच्या ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी. पूर्ण मापाच्या बेसची ती ३४ इंच, म्हणजे ८६४ मिमी. लहान मापाची ३० इंच, ७६२ मिमी. हे आकडे वाचून हाताला काही कळत नाही. म्हणून २५ जानेवारीला खोक्याचा एक लांब पुठ्ठा कापला, आणि दोन्ही मापांच्या पहिल्या चार फ्रेटच्या रेघा त्यावर पेनाने आखल्या. पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत ३४ इंचांवर १३० मिमी, ३० इंचांवर ११४ मिमी. घरच्या अकूस्टिक गिटारवर तेच अंतर ९७ भरलं. पुठ्ठा मानेसारखा धरून चार बोटं चार फ्रेटवर ठेवून पाहिली. ११४ वर कशीबशी पोचली. १३० वर करंगळी हवेतच. वहीत लिहिलं, ‘लहान मापच घ्यायचं.’ त्या पुठ्ठ्यावरून मी काढलेला निष्कर्ष चुकीचा होता, पण तो कसा ते पुढे येईल.

३१ जानेवारीला व्हायोलिन-आकाराचा एक लहान मापाचा बेस ऑनलाइन मागवला. मूळ जर्मन घराण्याचा नव्हे, तोच आकार घेऊन दुसऱ्याच कुणीतरी बनवलेला. पाच दिवसांत येईल म्हणाले, आला अकरा दिवसांनी, ११ फेब्रुवारीला. खोकं उघडलं तेव्हा लाकडाचा आणि लाखेचा वास आला. हातात घेतल्यावर तर खरंच वाटेना. पोकळ अंग, इतकं हलकं की मांडीवर आहे हे विसरायला व्हावं. सगळ्यात जाड, खालच्या सुराची ‘ई’ तार छेडली तेव्हा तिचा कंप छातीला जाणवला. तो क्षण मी विसरणार नाही.

तासाभराने एकेक फ्रेट तपासायला घेतला. प्रत्येक तारेवर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, हळू. सगळ्यात बारीक ‘जी’ तारेवर दहाव्या फ्रेटला आलं आणि सूर वर जायचा थांबला. दहावा दाबा, अकरावा दाबा, वाजतो बाराव्याचाच. स्टीलची छोटी पट्टी अकरा, बारा आणि तेरा या तीन फ्रेटवर आडवी धरली, तर ती पाळण्यासारखी डुलत होती. बारावा फ्रेट उचलला गेला होता. सेटअपने तो दोष जाणार नव्हता.

परत पाठवायची मुदत माल मिळाल्यापासून सात दिवसांची होती. दुसऱ्याच दिवशी, १२ तारखेला, अर्ज भरला. ऑर्डर क्रमांक, हेडस्टॉकच्या (खुंट्या असतात त्या टोकाच्या) मागचा अनुक्रमांक, दोषाचे तीन फोटो आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. १४ तारखेला उत्तर आलं की बिलावरचा अनुक्रमांक आणि फोटोतला जुळत नाही, म्हणून विनंती थांबवली आहे. नीट पाहिलं तर बिलावर एक आकडा चुकलेला. चूक त्यांची, पण दुरुस्त बिल मिळेपर्यंत पुढे काही हलेना. चार दिवस ईमेल चालले. मुदत तोवर संपली असती, पण पहिली विनंती मुदतीत नोंदली गेली होती, तिचा क्रमांक माझ्याकडे होता, आणि प्रत्येक ईमेलमध्ये मी तो सगळ्यात वर लिहीत गेले. तेवढ्यावर निभावलं.

म्हणून सांगते, ऑनलाइन बेस आला की त्याच दिवशी बिलावरचा आणि वाद्यावरचा अनुक्रमांक ताडून पाहा. दोष दिसला तर आधी विनंती नोंदवा, शंका नंतर विचारा. खोकं, फोमचे तुकडे, प्लास्टिकची पिशवी, सगळं जपून ठेवा, कारण मूळ वेष्टन नसेल तर परत घेत नाहीत. पाठवताना तारा थोड्या सैल करा, आणि बंद केलेल्या खोक्याचा फोटो घ्या. २० फेब्रुवारीला माणूस येऊन खोकं घेऊन गेला. पैसे ११ मार्चला, म्हणजे एकोणीस दिवसांनी, जमा झाले. परतीच्या वाहतुकीचा खर्च कापून, बेसच्या किमतीच्या साधारण विसाव्या भागाइतका. खोकं गेलं त्या संध्याकाळी मला मनापासून वाईट वाटलं होतं. दोष होता हे खरं, पण ते वाद्य मला आवडलं होतं.

पैसे अडकलेले असताना विकत काही घेता येत नव्हतं. त्याचा एक फायदा झाला, वाजवून पाहायला वेळ मिळाला. २३ फेब्रुवारी आणि २ मार्च या दोन रविवारी दुकानात आणि ओळखीच्यांकडे मिळून सहा बेस वाजवले. पहिल्या रविवारी मी बसून वाजवत होते. तिथले एक जुने बेसवादक म्हणाले, “ताई, उभं राहून बघा. बेस उभ्यानेच वाजवायचाय ना?” मी उभी राहिले, पट्टा लावला आणि दोन्ही हात सोडले. हातात होता ईबी-३ च्या धर्तीचा, दोन शिंगांचा, दिसायला अतिशय देखणा. हात सोडताच हेडस्टॉक सरळ जमिनीकडे झुकला. वरचं शिंग आखूड असलं की पट्ट्याची खुंटी नेकपासून मागे जाते आणि तोल बिघडतो. मग वाजवणाऱ्या डाव्या हाताला सतत नेक उचलून धरावी लागते. खरखरीत आतल्या बाजूचा रुंद पट्टा लावला की झुकणं थोडं कमी होतं, पण पूर्ण जात नाही. फोटोत हे कधीच दिसत नाही. थंडरबर्डच्या धर्तीच्या बेसचंही तेच, वर पहिला फ्रेट इतका लांब की माझा खांदा ओढला गेला.

जॅझ हाताला छान बसला. नेक निमुळती, बोटं सहज फिरतात. त्याचे दोन्ही पिकअप सारखे उघडे ठेवले तर आवाज स्वच्छ, एकच ठेवला की घरघर सुरू. मस्टँगच्या धर्तीचा लहान मापाचा तर मी जवळजवळ घेतलाच होता. हलका, तोल उत्तम, ११४ मिमीचं अंतर. त्याची ई तार मात्र मला जरा सैल वाटली. जोराने छेडली की सूर सुरुवातीला किंचित चढायचा. कुणाला तोच मऊपणा आवडतो, आणि लहान मापाचा बेस म्हणजे कमी दर्जाचा बेस असं अजिबात नाही. कुणी लहान माप घेतलंच तर तारांचा संचही लहान मापाचाच घ्या. मोठ्या संचातला जाड भाग खुंटीवर गुंडाळला गेला की तार बिघडते.

दुसऱ्या रविवारी प्रिसिजन सगळ्यात शेवटी हातात घेतला. नटजवळ साधारण ४२ मिमीची रुंद नेक, ३४ इंच माप. पुठ्ठ्याच्या हिशेबाने हा माझ्यासाठी नव्हताच. मी चार फ्रेटवर चार बोटं ताणायला लागले तसे तेच बेसवादक म्हणाले, “चार कशाला? डबल बेसवाले खालच्या भागात तीन फ्रेटएवढंच अंतर धरतात. पहिलं बोट, मधलं बोट आणि करंगळी. तिसरं बोट करंगळीच्या मदतीला. चौथा फ्रेट हवा तर हात सरकवायचा.” तसं करून पाहिलं. अंगठा नेकच्या मागे सैल ठेवला आणि हात पूर्ण सरकवला. बोटांनी ताणायचं बंद केलं. मनगटातली कळ दोन मिनिटांत गेली.

घरी येऊन पुठ्ठा काढला. पहिल्या फ्रेटपासून तिसऱ्यापर्यंत, ३४ इंचांवर, ८९ मिमी. माझ्या जुन्या गिटारवर हाच हात रोज ९७ पर्यंत ताणत होता. पुठ्ठ्यावरच्या रेघा बरोबर होत्या, मी त्यांना प्रश्न चुकीचा विचारला होता. लहान हातांमुळे पूर्ण मापाचा बेस सोडून देणाऱ्यांनी एकदा हे जरूर करून पाहावं.

मग शोध सोपा झाला. प्रिसिजनच्या घराण्यातला, परवडणारा, जुन्या रूपाचा. स्क्वायर हे फेंडरचंच स्वस्त नाव, १९८२ पासून चालत आलेलं, आणि त्यांची क्लासिक व्हाइब मालिका पन्नास, साठ आणि सत्तरच्या दशकांतल्या रूपांवर बेतलेली आहे. नवा घ्यायचा तर माझे तीन भाग पुरत नव्हते, म्हणून साठच्या धर्तीचा वापरलेला शोधला. रंगाचा हट्ट मात्र सोडावा लागला. मला फिका निळा हवा होता. फेंडरचे ते जुने निळे-लाल रंग मुळात मोटारींच्या रंगांतून आलेले, म्हणूनच त्यांना ती विशिष्ट चमक आहे. पण वापरलेल्यांत जो चांगला मिळाला तो कडेने काळपट, मध्ये पिवळसर असा सनबर्स्ट होता. निळ्यासाठी आणखी दोन महिने थांबले नाही, ते बरंच केलं.

१६ मार्चला बघायला गेले ते ट्यूनर, हेडफोन अ‍ॅम्प, केबल, स्टीलची पट्टी आणि यादी घेऊन. आधी अ‍ॅम्पशिवाय वाजवला. लाकडाचा नाद कोरड्यानेच कळतो. बॉडीच्या बाजूने नेककडे एक डोळा मिटून पाहिलं, पीळ नाही. फ्रेटच्या कडांवरून बोट फिरवलं. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं आणि या कडा बाहेर येऊन टोचतात. इथे टोचत नव्हत्या. प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवला. जी तारेच्या सहाव्या फ्रेटवर सूर इतरांपेक्षा लवकर विरत होता. या प्रकारच्या नेकमध्ये पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास असा मुका सूर बऱ्याचदा सापडतो, हे वाचलं होतं म्हणून घाबरले नाही. अ‍ॅम्पला जोडून दोन्ही बटणं पूर्ण फिरवली. टोनच्या बटणाची थोडी खरखर दहा-बारा वेळा फिरवल्यावर गेली. शेवटी ट्रस रॉड. नेकच्या आतल्या या सळीचा नट फिरतो की अडकलाय, हे मालकाला विचारून, त्यांच्यासमोर, अगदी किंचित फिरवून पाहिलं. तो अडकलेला असेल तर बाकी सगळं चांगलं असूनही घेऊ नये.

त्यांनी मूळ बिल दिलं. अनुक्रमांक ताडला, यावेळी आधीच. एका कागदावर तारीख, अनुक्रमांक, रक्कम आणि ‘विकला’ असं लिहून दोघांनी सही केली. त्यांना पहिल्यांदा ते जरा जास्त वाटलं, पण ऑनलाइनचा किस्सा सांगितल्यावर त्यांनीच पेन शोधून आणलं.

घरी आणून वाजवला आणि मन खट्टू झालं. आवाज चांगला होता, स्वच्छ, खणखणीत. पण तो आत्ताचा आवाज होता. तारांवरून बोट सरकलं की किसणीसारखा आवाज, सूर लांबत जाणारा. मी आकार घेतला होता, आवाज कुठे होता?

त्या रात्री पुन्हा वाचत बसले आणि जेम्स जेमर्सनपाशी पोचले. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीच्या साठच्या दशकातल्या असंख्य रेकॉर्डवर बेस त्याचा. त्याचा प्रिसिजन १९६२ चा, त्यावर जाड फ्लॅटवाउंड तारा, त्याही क्वचितच बदललेल्या. ब्रिजवरच्या क्रोमच्या झाकणाखाली सूर दाबणारा फोम, आणि तारा छेडायला उजव्या हाताची फक्त तर्जनी. आताच्या बहुतेक बेसवर राउंडवाउंड तारा येतात. गोल धातूची वायर गुंडाळलेली, म्हणून खरखरीत. फ्लॅटवाउंडवर चपटी पट्टी गुंडाळलेली असते, तार आरशासारखी गुळगुळीत. मी ज्या सुराच्या मागे होते तो मोठ्या प्रमाणात तारांत, फोमात आणि हातात होता.

१७ मार्चला ४५ ते १०५ जाडीचा (इंचाचे हजारावे भाग) फ्लॅटवाउंड संच मागवला. महाग असतो. बेसच्या किमतीच्या आठव्या हिश्श्याइतका पडला, पण या तारा वर्षानुवर्षं चालतात. तो येईपर्यंतचे पाच दिवस फुकटचा उपाय केला. उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ तारांवर हलकी टेकवायची आणि अंगठ्याने छेडायचं. पहिल्याच सुराला मी थांबले. तोच तो आखूड, गोल सूर, राउंडवाउंडवरसुद्धा. जुन्या प्रिसिजनच्या फोटोंत ‘जी’ तारेच्या खाली एक छोटी पट्टी स्क्रूने बसवलेली दिसते. ती बोटं अडकवायला होती, कारण तेव्हा अंगठ्याने वाजवतील असं धरलं होतं.

२२ तारखेला तारा चढवल्या. इथे घाई करू नका. खुंटीच्या पुढे साधारण दीड-दोन खुंट्यांच्या अंतराएवढी तार ठेवायची, तिथे पक्कडीने आधी काटकोनात वाकवायची आणि वाकाच्या पुढे कापायची. न वाकवता कापली तर आतला गाभा आणि वरची चपटी पट्टी एकमेकींवरून सरकतात आणि तार कायमची मुकी होते. मग टोक खुंटीच्या मधल्या भोकात सरळ खाली घालायचं आणि वळसे वरून खाली घ्यायचे. चौथी तार चढेपर्यंत माझा दीड तास गेला. ब्रिजजवळ तारांखाली मऊ फोमची बोटभर पट्टी सरकवली, तारांना जेमतेम स्पर्श करेल एवढीच. जास्त दाबली की सूर मरतो.

फ्लॅटवाउंडचा ताण बहुधा जास्त असतो. आठवड्यात नेक पुढे वाकली आणि तारा उंच झाल्या. नेकचा बाक असा मोजतात: पहिल्या फ्रेटवर तार दाबायची, शेवटच्यावरही दाबायची आणि आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यातली फट बघायची. माझ्याकडे ०.७ मिमी होती. साधारण ०.३५ हवी. स्वतः करायचं धाडस झालं नाही. २९ मार्चला गिटार दुरुस्त करणाऱ्या काकांकडे दिला.

त्यांनी बेस टेबलावर आडवा न ठेवता, वाजवायच्या स्थितीत धरूनच मोजला. “आडवा ठेवला की नेक स्वतःच्या वजनाने वेगळं माप देते,” म्हणाले. ट्रस रॉड पाव फेरा फिरवला, पुन्हा मोजलं, मग थोडा आणखी. “आज एवढंच. लाकडाला रात्रभर विचार करू द्यावा.” सतराव्या फ्रेटवर तारांची उंची ई खाली २.४ आणि जी खाली २ मिमी ठेवू का, असं त्यांनी विचारलं. मी हलक्या हाताने वाजवते, म्हणून हो म्हटलं. नटाच्या ई च्या खाचेत नवी जाड तार नीट बसत नव्हती, ती त्यांनी कानशीने एकेक घाव घालून रुंद केली. शेवटी सूर जुळवणी: बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर एक यायला हवेत. दाबलेला चढा आला तर ब्रिजवरची खोगीर, म्हणजे तार टेकते तो तुकडा, मागे सरकवायची, उतरलेला आला तर पुढे. ५ एप्रिलला बेस परत मिळाला. खर्च बेसच्या किमतीच्या पंधराव्या हिश्श्याएवढा. मी ई तार जोराने छेडली तेव्हा फ्रेटवर हलकी जवारी उमटली. काकांनी ती मुद्दाम ठेवली होती. म्हणाले, “जोराने वाजवलं तर बोलेल, हळू वाजवलं तर नाही. पुढच्या महिन्यात नको वाटली तर या, काढून देतो.”

घरी अजून हेडफोनच वापरते. छोट्या गिटार अ‍ॅम्पला बेस जोडायचा असेल तर आवाज अगदी कमी ठेवा. उघड्या ई तारेची कंपनसंख्या ४१ हर्ट्झच्या आसपास असते, गिटारचा स्पीकर तेवढ्या खालच्या सुरासाठी बनवलेला नसतो, जोरात वाजवला तर फाटतो.

११ एप्रिलला, शुक्रवारी संध्याकाळी, सरावाच्या खोलीतल्या बेस अ‍ॅम्पला केबल जोडली. टोनचं बटण अर्ध्यावर. पहिल्या गाण्यात मला फक्त चार सूर होते. तिसऱ्या आवर्तनाला बास ड्रम आणि माझी ई तार एकत्र पडली, आणि ड्रमवाल्या मैत्रिणीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही, पुढच्या ठोक्याला जरा जास्त जोर दिला. पायाखालची फरशी थरथरत होती. दुसऱ्या गाण्यात तो जी तारेवरचा सहावा फ्रेट आला, मुका. तोच सूर डी तारेच्या अकराव्या फ्रेटवर आहे. तिथे घेतला, भरून आला.

रात्री घरी आल्यावर कोरड्या कापडाने तारा पुसल्या, आठव्या फ्रेटपाशी फट मोजली आणि वहीत लिहिलं: ‘११ एप्रिल. बाक ०.३५. जवारी आहे, ठेवायची. हवा बदलली की पुन्हा मोजायचं.’ पुठ्ठा त्याच वहीत घडी करून ठेवला आहे. गटातल्या गायकाच्या धाकट्या बहिणीला बेस शिकायचा आहे, आणि तिचे हात माझ्याहून लहान आहेत.